साहेबरावांनी मोजलेली तार

साहेबराव सोनकांबळे एका जागी स्वस्थ बसलेले मी एकदाच पाहिले, तेही त्यांचा पाय प्लास्टरमध्ये होता म्हणून. एरवी हा माणूस खुर्चीत बसला तरी टाचा हलत असतात. भूमी अभिलेख खात्यात पस्तीस वर्षं त्यांनी जमिनी मोजल्या. अहमदपूर झालं, निलंगा झालं, मधली चार वर्षं मुदखेडला काढली. दुसऱ्यांच्या बांधांवरून चालता चालता निवृत्त झाले, पण पायांना निवृत्तीचा कागद कुणी दिला नाही. भाजी आणायला निघाले तरी पावलं मोजतात. माझ्या गिरणीपासून त्यांच्या फाटकापर्यंत एकशे बारा पावलं आहेत, हे मी न विचारता मला सांगितलं गेलेलं आहे.

आमची कॉलनी रेणापुरात सबस्टेशनच्या भिंतीला लागून आहे. मोठ्या ट्रान्सफॉर्मरची घूं घूं रात्रंदिवस चालू असते. आम्हाला आता ती ऐकू येत नाही, पाहुण्यांना मात्र झोप लागत नाही. त्या आवाजामुळंच इथं प्लॉट स्वस्त मिळाले, म्हणून पेन्शनवाले आणि माझ्यासारखे किरकोळ धंदेवाले इथं जमले. माझी पिठाची गिरणी आहे. चालवते माझी सून शिल्पा. मी देखरेख करतो, म्हणजे तिच्या कामात लुडबुड करतो, असं तिचं म्हणणं.

गेल्या साली दिवाळी होऊन गेल्यावर एके सकाळी साहेबराव हातात विजेचं बिल घेऊन गिरणीत शिरले. चष्मा कपाळावर, बिलावर लाल पेनानं एक ओळ अधोरेखित केलेली.

"वैजनाथराव, ही वहन आकाराची काय भानगड हाय?"

मी पट्टा घसरला म्हणून वाकलो होतो. वर न बघताच म्हणालो, "तारेचं भाडं समजा. वीज विकत घेतो त्याचे पैसे निराळे. ती खांब, तारा, डीपीवरून आपल्या दारापर्यंत आणायचे निराळे. जितके युनिट, तितकं भाडं."

"दारापर्यंत म्हणजे किती?"

"किती म्हणजे?"

"किती लांब?"

मी हसलो. तिथंच चुकलो. मोजणीवाल्या माणसाला अंतरावरून हसू नये.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते सबस्टेशनच्या भिंतीशी लांब पट्टी घेऊन उभे. पट्टीचं शून्य धरायला माणूस पाहिजे होता आणि कॉलनीत तितका रिकामा मीच. सबस्टेशनच्या आवारातल्या पहिल्या खांबापासून डीपी, म्हणजे कॉलनीचा छोटा ट्रान्सफॉर्मर, डीपीपासून दुसरा खांब, तिथून त्यांच्या भिंतीवरचं मीटर. चौसष्ट मीटर. त्यांनी वहीत आकडा लिहिला, खाली दोन रेघा मारल्या आणि माझ्याकडं असं पाहिलं की जणू चोर सापडला.

चौकातल्या हॉटेलात लाइनमन रेवणप्पा चहा पीत होता. साहेबरावांनी त्याला गाठलं. रेवणप्पा उदगीरकडचा, शांत गडी, रोज शिव्या खाऊन तयार झालेला. तो म्हणाला, "साहेब, रेट आम्ही लावत न्हाई. कंपनी खर्च मांडती, विजेचा आयोग सुनावणी घेतंय, लोकांचं ऐकतंय, अन् मग ठरवून देतंय. घरगुतीला युनिटमागं एकच रेट. तुमचं घर भिंतीला लागून असू दे, न्हाई तर डोंगरावर असू दे."

"म्हणजे माझी तार चौसष्ट मीटर अन् दुसऱ्याची पाच किलोमीटर, तरी भाडं सारखंच?"

"सारखंच."

"एष्टीचं तिकीट टप्प्यावर लागतं, रेवणप्पा. मोजणीची फी जमिनीवर लागती. मग तारेचंच भाडं सरसकट का?"

रेवणप्पानं कप खाली ठेवला. "आता एष्टीचं मला काय इचारता?"

खरं सांगतो, मुद्दा मला पटला. पटला यापेक्षा सोयीचा वाटला. गिरणीच्या बिलात हा वहन आकार इतका असतो की त्यात एखाद्याच्या घरचं आख्खं बिल निघावं. स्थिर आकार आणखी वेगळा, गिरणी बंद ठेवली तरी न चुकणारा. अंतरावर भाडं लागलं तर आम्ही भिंतीखालचे लोक जवळजवळ फुकटात सुटणार होतो. मला लोभ सुटला. आणि लोभ सुटला की माणसाला न्यायाच्या गोष्टी फार सुचतात.

नवीन दरांवर आयोगाची जाहीर सुनावणी संभाजीनगरला होणार, हरकती लेखी पाठवा, अशी जाहिरात त्याच सुमाराला पेपरात आली होती. शेषेरावांच्या ओट्यावर कॉलनीची बैठक भरली. शेषेराव म्हणजे आमचे स्वयंघोषित अध्यक्ष. घरात दोन एसी, आणि बिल आलं की रक्तदाबाची गोळी. साहेबरावांनी उभं राहून चौसष्ट मीटरचा हिशेब मांडला. एष्टीचा दाखला दिला. शेषेराव मांडीवर थाप मारून म्हणाले, "हे बघा! ह्याला म्हणतेत मुद्दा. आवाज आपण ऐकायचा, ठिणग्या आपण झेलायच्या, अन् भाडं लांबच्याइतकंच? साहेबराव, तुम्हीच अर्ज लिहा. तुम्हीच बोला तिथं."

त्रेसष्ट सह्या झाल्या. त्यातल्या निम्म्या मी दारोदार फिरून घेतल्या.

इथं एक गोष्ट सांगायला हवी, आवडत नसली तरी. वीस वर्षं साहेबराव आमच्या कॉलनीत राहतात. गणपतीची वर्गणी मागायला आम्ही आधी त्यांच्याकडं जायचो, कारण ते नाही म्हणत नसत. पण कमिटी निवडताना त्यांचं नाव राहून जायचं. राहून जायचं, असंच आम्ही म्हणायचो. ते बौद्ध म्हणून राहून जायचं, हे कुणी बोलायचं नाही. त्या दिवशी पहिल्यांदा शेषेरावांनी त्यांना स्वतःच्या खुर्चीत बसवलं. पंचशीलावहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, शिल्पाला म्हणाल्या, "रिटायर झाल्यापासून काल पहिल्यांदा निवांत बसून जेवले बघ. दोनदा भात मागून घेतला."

अर्ज त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिला. अक्षर सातबाऱ्यावरच्यासारखं, एकेक वळण ठासून काढलेलं. मागणी एका वाक्याची: वहन आकार सबस्टेशनपासूनच्या अंतराच्या टप्प्यांवर लावावा. सोबत नकाशा. अर्ज पाठवून झाला, पोच आली, बोलायची वेळही मिळाली. माझ्या मते काम झालं होतं. पण दोन दिवसांनी साहेबराव परत गिरणीच्या दारात येऊन टाचा हलवू लागले.

"नकाशाला एकच टोक हाय, वैजनाथराव. एक टोक मोजून नकाशा होत न्हाई. तिथं कुणी विचारलं की सगळ्यात लांबचं घर किती, तर काय सांगू?"

"सांगा अंदाजे पाच-सात किलोमीटर."

त्यांनी माझ्याकडं जे पाहिलं, ते मी एखाद्याच्या बांधाचा दगड सरकवायला सांगितल्यासारखं होतं.

पुन्हा रेवणप्पा, पुन्हा चहा. साहेबरावांनी विचारलं, "ह्या सबस्टेशनवरलं सगळ्यात शेवटचं कनेक्शन कोणतं?" रेवणप्पा म्हणाला, "मोरदरीच्या फीडर लाइनवर. गाव ओलांडलं की बौद्धवस्ती हाय, तिथलं टोकाचं घर. तिथनं पुढं खांबच न्हाई."

साहेबरावांनी अर्धा कप तसाच ठेवला, तिघांचे पैसे दिले आणि निघून गेले. मला वाटलं, काही कामाचं आठवलं असेल. संध्याकाळी वहिनींकडून कळलं की मोरदरी हे त्यांचंच गाव. जन्म तिथला. नोकरी लागली तसं गाव सुटलं, आईवडील गेले, आता चौदा एप्रिलला सकाळी जातात आणि संध्याकाळी परत येतात. वीस वर्षांच्या शेजारात मी त्यांना गाव विचारलं नव्हतं. माझं गाव मात्र त्यांना शिवारासकट पाठ होतं.

आम्ही तीन सकाळी मोजत होतो. मुख्य लाइन रस्त्याकडेनं जाते तोवर सोपं होतं. खांबांमधलं अंतर ते पावलांनी काढायचे, मध्येच पट्टीनं पडताळायचे. त्यांचं पाऊल शहात्तर सेंटिमीटरचं, बिघडलेलं घड्याळ जसं रोज तेवढंच मागं पडतं, तसं पक्कं. मी स्कूटर घेऊन पुढच्या खांबाशी थांबायचो. लोक विचारायचे, "काय मोजायलाव साहेब? रस्ता मोठा व्हायलाय का?" कुणाला वाटलं जमीन जाणार, कुणी चहाला बोलावलं, एका म्हातारबानं बांधाचं भांडण सांगायला सुरुवात केली. साहेबराव कुठं थांबले नाहीत. गाव जवळ येऊ लागलं तशी त्यांची चाल वाढली आणि बोलणं बंद झालं.

तिसऱ्या दिवशी लाइन मोरदरीत मारुतीच्या देवळापर्यंत आली. देवळाच्या मागं सोयाबीन काढलेलं मोकळं रान, आणि रानापलीकडं वस्ती अगदी समोर दिसत होती. विहाराचा पंचशील झेंडा, पत्र्यांची घरं, दोरीवरचे कपडेसुद्धा. मला वाटलं, तार आता सरळ जाईल. पण खांब डावीकडं वळले. गाडीवाटेनं ओढ्यापर्यंत गेले, ओढ्यावरून फिरले आणि मागच्या अंगानं वस्तीत शिरले.

साहेबराव देवळाच्या खांबाशी उभे राहिले. मग म्हणाले, "शून्य धरा."

आधी आम्ही खांबाखांबानं मोजलं. नऊशे साठ मीटर. मग मागं येऊन त्यांनी त्या मोकळ्या रानातून सरळ पट्टी टाकली. चारशे दहा. दोन्ही आकडे वहीत शेजारी शेजारी लिहिले. ऊन डोक्यावर आलं होतं आणि मला नीट वर बघवत नव्हतं. कशानं ते तेव्हा माझं मलाच मान्य नव्हतं.

टोकाचं घर सुमनबाईंचं निघालं. साहेबरावांची चुलती, सत्तरी ओलांडलेली, ताठ बाई. त्यांनी दारातूनच हाक मारली, "काय मोजायलास रे साहेबा भरउन्हात?"

"तार मोजायलो काकू."

"आता? तार येऊन चाळीस वर्सं झाली की."

आम्ही आत बसलो. पंखा चालू होता, पण इतका हळू की त्याची तिन्ही पाती वेगवेगळी दिसत होती. मी वर पाहिलं तशी त्या हसल्या. "ते तसंच हाय. सांजच्याला तर थांबतंयच. टोकाला व्होल्टेज पोचत न्हाई म्हणतेत. बिल मात्र पोचतंय." बिल त्यांनी दाखवलं. बावीस युनिट. त्यात विजेच्या पैशापेक्षा स्थिर आकारच जास्त. वहन आकाराचा दर तोच, जो आमच्या शेषेरावांच्या दोन एसींना.

चहा टाकता टाकता त्या बोलत होत्या. कुणावर राग नव्हता बोलण्यात, पाऊसपाण्याचं सांगावं तसं सांगत होत्या. "गावात लाईट आली तवा तू नऊ वर्सांचा. देवळापर्यंत खांब आले अन् थांबले. तुझा बाप किती खेपा गेला लातूरला. हापिसवाले म्हणायचे, तुमची वस्ती लांब हाय, खांबांचे पैसे तुम्ही भरा. सरळ आणावी तर रानवाला खांब रोवू देईना. मग ओढ्यावरनं मोजलं अन् आनखी लांब झालं. बारा वर्सं गेली त्यात." साखर घालून त्यांनी साहेबरावांकडं पाहिलं. "तू कशापायी मोजायलास? व्होल्टेज वाढवून देतेत का?"

साहेबरावांनी वही बंद करून मांडीवर ठेवली. मग मीच मूर्खासारखं सगळं समजावून सांगितलं. तारेचं भाडं, सगळ्यांना सारखं, सुनावणी, कॉलनीचा अर्ज. सुमनबाईंनी नीट ऐकून घेतलं.

"म्हंजे लांबच्यानं जास्त भरायचं?"

"हो," मी म्हणालो.

"मग ह्याच्या बापाला सांगितलं व्हतं, तेच की हे."

एवढं म्हणून त्यांनी कपबशी माझ्यापुढं सरकवली. साहेबरावांच्या चहावर साय धरली, पण त्यांनी हात लावला नाही.

परतताना ते स्कूटरवर बसले नाहीत. मी पहिल्या गिअरमध्ये त्यांच्या शेजारून चालवत राहिलो. वहीतली बेरीज सात किलोमीटर आठशे चाळीस मीटर होती, आणि ती सगळी ते चालत आले. मी दोनदा "पाणी घ्या" म्हणालो, दोनदा त्यांनी मान हलवली.

सुनावणीला अकरा दिवस होते. साहेबराव पहाटेपासून कॉलनीत फेऱ्या मारायचे, भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. शेषेरावांनी अर्जाच्या झेरॉक्स काढून घरोघरी वाटल्या होत्या. दिसतील तिथं ते साहेबरावांच्या पाठीवर थाप मारायचे, "काय वकीलसाहेब, तयारी झाली का?" साहेबराव हसायचे आणि वळायचे. वहिनी शिल्पाला म्हणाल्या, "जेवायचं ताट घेऊनसुद्धा येरझाऱ्या घालायलेत गं."

मी विचारलं, "काय ठरवलं?"

"मोजणीत चूक न्हाई," ते म्हणाले.

"मोजणीचं विचारत न्हाई मी."

ते गिरणीच्या पायरीवर टेकले, लगेच उठले. "पस्तीस वर्षं लोक म्हणायचे, साहेब थोडं इकडं सरका, थोडं तिकडं सरका. पैसे घेऊन उभे राहायचे. मी वीतभर सरकलो न्हाई कधी. अन् आता स्वतःच्या वस्तीचं टोक मोजायच्या आधी मी अर्ज लिहून मोकळा. बापाबरोबर एकदा मी पण गेलो होतो लातूरला, वैजनाथराव. ऑफिसच्या बाहेर बसून केळं खाल्लं होतं. मला हे आठवलं न्हाई असं न्हाई. मी ते अन् हे शेजारी ठेवून बघितलंच न्हाई."

"मग मागं घ्या अर्ज."

"त्रेसष्ट लोकांनी माझ्यावर विश्वास टाकून सही केली. आयुष्यात पहिल्यांदा. मागं घेतला तर काय म्हणतील? शेवटी आपल्या लोकांकडं गेला, असंच म्हणतील. पुन्हा वीस वर्षं नाव राहून जाईल माझं."

राहून जाईल. म्हणजे त्यांना आमचा तो शब्द माहीत होता. मला तोंड लपवावंसं वाटलं. आणि तरीही, सांगायला लाज वाटते, आतून मला वाटत होतं की ह्यांनी तिथं जाऊन अर्ज आहे तसाच वाचावा. गिरणीचं बिल डोळ्यांपुढून जात नव्हतं. आयोग आमच्या एका कागदावर दर बदलणार नाही, हे मला कळत होतं. पण आशा काय, फुकट असते.

सुनावणीच्या आदल्या दिवशी आम्ही एष्टीनं संभाजीनगरला गेलो, त्यांच्या मुलीकडं, मनिषाकडं उतरलो. गाडीत साहेबराव खिडकीतून तारा बघत होते. मी फाइल मांडीवर धरून बसलो होतो, वरती त्रेसष्ट सह्यांचा कागद. शेषेरावांचे तीन फोन आले. बीड मागं पडल्यावर मी साहेबरावांना विचारलं, "वाचणार ना उद्या?" ते म्हणाले, "बघू." त्यांचा गुडघा सारखा माझ्या गुडघ्याला लागत होता.

सभागृह माणसांनी भरलेलं. कारखानदारांचे वकील, शेतकरी संघटनांचे लोक, एक मास्तर आकड्यांचा गठ्ठा घेऊन आलेले. प्रत्येकाला चार-पाच मिनिटं. कुणी ओरडत होतं, कुणी हात जोडत होतं. व्यासपीठावरचे साहेब लोक शांतपणे लिहून घेत होते. जेवणाच्या सुट्टीनंतर साहेबरावांचं नाव पुकारलं. ते माइकपाशी गेले. हातात वही होती. अर्ज माझ्या फाइलमध्येच राहिला होता आणि त्यांनी तो मागितलाही नाही, तेव्हा मला काय ते समजलं.

"माझ्या मीटरपासून सबस्टेशन चौसष्ट मीटर," त्यांनी सुरुवात केली. आवाज कोरडा होता. "त्याच सबस्टेशनवरलं शेवटचं घर सात किलोमीटर आठशे चाळीस मीटर. मी स्वतः मोजलंय, खात्यात पस्तीस वर्षं मोजणीच केली. वहन आकार अंतरावर लावा, असा अर्ज मी दिलाय. तो अर्ज चुकलाय. मोजमाप बरोबर हाय, मागणी चुकली."

व्यासपीठावरच्या एका बाईंनी मान वर केली. "चुकली म्हणजे काय?"

"मॅडम, शेवटच्या वस्तीची तार देवळापासून सरळ आली असती तर चारशे दहा मीटर झाली असती. ती नऊशे साठ झाली. रान आडवं होतं आणि रानवाल्यानं खांब रोवू दिला नाही. वस्ती गावापासून लांब आहे, कारण गावानं ती लांब ठेवली. मी त्या वस्तीतला आहे. आमच्या वडिलांना सांगितलं होतं, तुम्ही लांब आहात, तुम्ही पैसे भरा. तेच मी सुधारलेल्या अक्षरात लिहून पाठवलं." ते थांबले. वही मिटली. "भाडं सगळ्यांना सारखंच राहू द्या. जमलं तर बावीस युनिट वापरणाऱ्या बाईचा स्थिर आकार कमी करा, त्यासाठी माझा वाढला तरी चालेल. आणि टोकाला व्होल्टेज द्या. एवढंच."

मागं कुणीतरी दोन टाळ्या वाजवल्या आणि थांबलं. बाईंनी समोरचा कागद उलटून पाहिला. "पण या अर्जावर त्रेसष्ट सह्या आहेत. तुम्ही तुमच्यापुरतं मागे घेऊ शकता. बाकीच्यांचं काय? त्यांच्यातर्फे कुणी आलंय?"

साहेबरावांनी वळून माझ्याकडं पाहिलं. ते मला उठायला सांगत नव्हते. त्यांना वाटत होतं, मी आता अर्ज वाचणार, आणि ते त्यांनी मनानं मान्य केलं होतं. खिशात फोन थरथरत होता, शेषेराव असणार. मी उठलो. फाइल घेऊन माइकपाशी गेलो. गिरणीवाला म्हणून नाव सांगितलं. अर्ज उघडला, पहिली ओळ डोळ्यांपुढं होती, ठासून काढलेल्या अक्षरातली.

"बासष्ट जणांचं मला सांगता येत नाही," मी म्हणालो. "माझी सही काढा."

"कारण?" बाईंनी लिहिता लिहिता विचारलं. त्यांना साधं नोंदीपुरतं कारण पाहिजे होतं. मी "वैयक्तिक" म्हणून सुटलो असतो.

"आमच्या गावातही वस्तीकडं तार चालली होती," मी म्हणालो, "आमच्या रानातून. चौऱ्याहत्तर साल. खांबासाठी खड्डे खणले होते. वडिलांनी रात्रीतून बुजवा म्हणून सांगितलं. मी बारा वर्षांचा होतो. तीन खड्डे मी बुजवले."

बाईंचं पेन थांबलं. मी साहेबरावांकडं बघायचं टाळत होतो, पण ते तिथंच, माइकच्या पलीकडं उभे होते. त्यांच्या टाचा हलत नव्हत्या. ते माझ्याकडं बघत होते. परतीच्या गाडीत रेणापूर येईपर्यंत त्यांचा गुडघा माझ्या गुडघ्याला एकदाही लागला नाही.